पाचव्या वळणावरची आर्डिस

आर्डिस कोवाल्केच्या बोलण्यात चढ नसतो आणि उतारही नसतो. घराला आग लागली तर अग्निशामक दलाला ती ज्या सुरात पत्ता सांगेल, त्याच सुरात ती आमच्या क्लबच्या खाण्याच्या खिडकीवर उभी राहून "एक ब्राटवुर्स्ट, कांदा जास्त, मोहरी वेगळी" असं सॉसेज मागवते. आमच्या नॉर्बी गावात तिच्या आवाजाची नक्कल न केलेला माणूस शोधून सापडणार नाही. मी स्वतः बऱ्यापैकी करतो. एकदा तिच्या तोंडावरच केली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "मर्ल, तू फार भरभर बोलतोस."

हा आवाज तिला नोकरीने दिला. कौंटीच्या रस्ते खात्यात ती एकतीस वर्षं रेडिओवर बसायची. नोव्हेंबर ते एप्रिल आमच्याकडे बर्फ असतो आणि बर्फ काढणारे बारा ट्रक कौंटीभर फिरत असतात. कुठला ट्रक कुठे आहे, कुठे मीठ टाकून झालं, कुठे दुधाची गाडी आडवी झाली, हे सगळं आर्डिसच्या डोक्यात असायचं. बोलायची तिची एक ठरलेली पद्धत होती. आधी ट्रकचा नंबर, मग रस्ता, मग काम. "सोळा. कौंटी एम. दूधगाडी खड्ड्यात." सोळा नंबर ऐकला की बाकीचे अकरा जण आपापल्या कॉफीकडे वळायला मोकळे. एकतीस वर्षांत तिच्यामुळे एकही ट्रक चुकीच्या रस्त्यावर गेला नाही, असं ती सांगत नाही, तिच्या हाताखालचे लोक सांगतात. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे या पद्धतीनेच घोटाळा केला.

मी मर्ल हाउगे. धंदा नळदुरुस्तीचा, पण मे ते सप्टेंबर दर दुसऱ्या रविवारी मी आमच्या कार्ट क्लबचा, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाड्यांच्या क्लबचा, झेंडेवाला असतो. बावीस वर्षं झाली. हिरवा, पिवळा, लाल, काळा, निळा, आणि चौकटींचा. सगळे मी स्वतः धुतो आणि स्वतः इस्त्री करतो. बायको म्हणते, माझे शर्ट इतक्या प्रेमाने कधी केले नाहीस. तिचं खरं आहे. हे एवढ्यासाठी सांगतो की आर्डिसच्या विरोधात उभे राहिलेल्यांत मी होतो, आणि त्याचं कारण झेंडे होते.

आमचा ट्रॅक जुन्या खडीच्या खाणीत आहे. खाण बंद झाली तेव्हा मधोमध एक टेकाड राहिलं होतं. ते हलवण्याचा कुणालाच उत्साह नव्हता, म्हणून डांबर त्याच्यावरूनच नेलं. चौथं वळण संपलं की चढ लागतो, माथा येतो, आणि माथ्याच्या लगेच पलीकडे पाचवं वळण. कार्टमध्ये बसलं की बूड जमिनीपासून इंचभर वर, डोक्यावर छप्पर नाही, छातीला पट्टा नाही, आणि वेग ताशी साठ मैल. चढावर असताना समोर फक्त आकाश दिसतं. पलीकडे काय आहे ते माथ्यावर पोचल्यावरच कळायचं.

आर्डिस तिथे आली ती तिच्या भाचीमुळे. ब्रेना तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय चोवीस, चीजच्या कारखान्यात काम करते आणि कार्ट अशी चालवते की आमच्यातले निम्मे पुरुष तिच्या मागच्या बंपरशिवाय दुसरं काही ओळखत नाहीत. आर्डिस आधी नुसती बघायला यायची. बसून कंटाळली आणि मला म्हणाली, "मला काहीतरी काम दे." मी 'पुढे धोका, हळू व्हा' सांगणारा पिवळा झेंडा दिला आणि पाचव्या वळणावर उभं केलं. ते काम कुणालाच नको असतं. तिथे सावली नाही आणि धूळ सगळी अंगावर येते.

मागच्याच्या मागच्या जुलैत त्या वळणावर रॉइस टोलेफसनची कार्ट गर्रकन फिरून आडवी थांबली. रॉइस आमच्या क्लबचा अध्यक्ष, वय अठ्ठावन्न, दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो. आर्डिसने पिवळा झेंडा हलवला. मला लांबून टेकाडावर तिचा झेंडा तेवढा दिसत होता, ती हलवत होती यात शंका नाही. पण वळण घेणाऱ्याची नजर आतल्या कडेवर असते, वर नसते. माथ्यावरून पहिली आली ती ब्रेना. ती सरळ रॉइसच्या कार्टच्या कुशीत घुसली. त्याच्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पाय प्लास्टरमध्ये राहिला.

रॉइस मनाचा मोठा आहे, हे मी कितीही शिव्या घातल्या तरी नाकारणार नाही. दवाखान्यातून त्याने ब्रेनाला चिठ्ठी पाठवली, 'वळणाची लाइन मात्र झकास घेतली होतीस.' ब्रेनाने ती चिठ्ठी वाचली, कार्ट मावशीच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली, वर ताडपत्री टाकली आणि पुन्हा ट्रॅककडे फिरकली नाही. आर्डिसची मोटार त्या हिवाळ्यात बाहेर बर्फात उभी होती. आपल्याकडे गॅरेज असून मोटार बाहेर ठेवणारा माणूस म्हणजे त्याला काहीतरी सलतंय, हे आमच्या गावात सगळ्यांना समजतं. विचारलं कुणी नाही.

डिसेंबरात आर्डिसने ब्रेनाला सरळ विचारलं, "विकायची का गाडी?"

"मावशी, मला त्या टेकाडापलीकडचं कुणी सांगणार असेल तर मी उद्या बसेन," ब्रेना म्हणाली. "नसेल तर टाक विकून. मी पुन्हा कुणाच्या अंगावर जाणार नाही."

आर्डिसला एवढं पुरलं. दोन कौंट्या सोडून मातीचा एक गोल ट्रॅक आहे, तिथे मोठ्या गाड्या पळतात. तिथले ड्रायव्हर कानात आवाज ऐकायचं एक लहान बोंडूक घालतात, त्याची तार पाठीमागच्या काडेपेटीएवढ्या खोक्याला असते, आणि शर्यत चालवणारा माणूस एका ठिकाणाहून सगळ्यांशी बोलतो. ड्रायव्हरला उलट बोलता येत नाही. नुसतं ऐकायचं. आर्डिस तिथे जाऊन दिवसभर बसून आली आणि येताना त्यांची जुनी चोवीस खोकी घेऊनच आली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी क्लबची बैठक झाली. आमच्या बैठका टॅव्हर्नच्या, म्हणजे गावातल्या बारच्या, मागच्या खोलीत, तळलेल्या माशांच्या ताटांवर होतात. आर्डिसने एक खोकं टेबलावर ठेवलं आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं.

रॉइसने काठी टेबलाला टेकवली. "बाईसाहेब, चौतीस वर्षं मी घरात एक आवाज ऐकतोय. रविवारचे चार तास तेवढे माझे असतात. तेही तुम्ही मागताय?"

शेजारच्या टेबलावरून त्याची बायको म्हणाली, "ते चार तास मलाही हवे असतात, रॉइस. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलत नव्हते."

हसणं ओसरल्यावर मी उठलो. झेंडे असताना हे खूळ कशाला, कानात कुणी बोलायला लागलं की माणसाचं लक्ष उडतं, आणि झेंडा बघणं हे ड्रायव्हरचं कामच आहे, असं मी चांगलं पाच मिनिटं ऐकवलं.

"हो, त्याचं कामच आहे," आर्डिस म्हणाली. "मी पंधरा फुटांवर झेंडा हलवत होते. ड्रायव्हरने काम केलं नाही, आणि हाड मोडलं रॉइसचं."

रॉइसने माशाचा तुकडा उगाच इकडून तिकडे केला. शेवटी ठरलं ते असं की एक मोसम वापरून बघायचं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी शर्यती संपल्या की ड्रायव्हरांनी मत द्यायचं, खोकी ठेवायची की परत पाठवायची. आर्डिसने मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मर्ल, टेकाडावर मला एक मचाण बांधून दे. दोन्ही बाजू दिसायला हव्यात." मी विरोधात होतो, तरी बांधून दिलं. सात पायऱ्यांचं, वर प्लायवूडचं छप्पर. तिला 'नाही' म्हणणं कुणाला जमत नाही, हा तिच्या आवाजाचा आणखी एक गुण.

मे महिन्यात पहिला रविवार उजाडला. आर्डिस मचाणावर चढली, माइक हातात घेतला, आणि चौथ्याच फेरीत दंतवैद्य पेल्की पाचव्या वळणावर फिरून उलटा थांबला. पेल्की फिरतोच. दात काढताना हात स्थिर असतो म्हणतात, पण ट्रॅकवर त्याचा नियम वेगळा आहे. त्याचा नंबर सत्तेचाळीस. माझ्याही कानात एक बोंडूक होतं, त्यातून आवाज आला, "सत्तेचाळीस. पाचवं वळण. आडवा, थांबलेला."

सगळं ठणठणीत ऐकू आलं. आणि मागचे सहा जण त्याच वेगाने टेकाड चढले. दोन कार्ट पेल्कीच्या नाकासमोरून गेल्या, तिसरीने त्याचं पुढचं चाक उडवलं आणि त्याचं मनगट मुरगळलं. मी माझा पिवळा झेंडा हलवेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

रॉइस हेल्मेट काढून माझ्यापाशी आला. त्याला आनंद झाला नव्हता, पण तोंडावरचं समाधान लपत नव्हतं. "बघ. आवाज होता, कानात होता, काय उपयोग झाला?"

मलाही आतून बरंच वाटलं, ते का नाकारू? आर्डिस मचाणावरून उतरली. मला वाटलं, आता ही घरी जाईल. ती सरळ वजनकाट्यावर गेली. आमच्याकडे शर्यत संपली की प्रत्येक कार्टचं ड्रायव्हरसकट वजन होतं, त्यामुळे झाडून सगळे एकेक करून तिथून जातात. आर्डिस वही घेऊन काट्याशेजारी उभी राहिली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

"काय ऐकलंस?"

"सत्तेचाळीस."

"त्याच्यापुढे?"

"त्याच्यापुढे काय ते आठवत नाही. माझा नंबर बारा आहे ना."

दुसरा म्हणाला, "पेल्कीला काहीतरी सांगताय एवढं कळलं. मला वाटलं, त्याचा सायलेन्सर लोंबतोय." तिसऱ्याने तर प्रामाणिकपणे सांगितलं की आपला नंबर नाही म्हटल्यावर त्याला जरा हायसंच वाटलं. त्या दिवशी पेल्की सोडून अकरा ड्रायव्हर होते, अकरा वेळा तेच. आर्डिसने सगळं लिहून घेतलं, वही मिटली आणि काट्यावरच्या फळीवर बसून राहिली. एकतीस वर्षं ज्या पद्धतीचा तिला अभिमान होता, तिनेच दगा दिला होता. तिचा चेहरा फारसा बोलत नाही, पण त्या दिवशी मला तिची दया आली आणि मी तिला एक लिंबू सरबत नेऊन दिलं. तिने ते प्यायलं आणि म्हणाली, "साखर कमी आहे."

दोन आठवड्यांनी सकाळच्या ड्रायव्हरांच्या सभेत ती एका पिकअपच्या मागच्या फळीवर उभी राहिली.

"मागच्या वेळची चूक माझी," ती म्हणाली. "मी आयुष्यभर बारा वेगळ्या रस्त्यांवरच्या बारा माणसांशी बोलले. नंबर घेतला की ज्याचं काम त्याने ऐकायचं आणि बाकीच्यांनी सोडून द्यायचं, ही सवय मीच लोकांना लावली. तुम्ही सगळे एकाच रस्त्यावर आहात. आजपासून मी कुणाचा नंबर घेणार नाही आणि कुणाचं नावही घेणार नाही. आधी रंग, मग वळण. जे बोलेन ते सगळ्यांसाठी. पिवळा ऐकला की हळू व्हा, लाल ऐकला की हात वर करून थांबा. कोण पडलं ते तुम्हाला कळायची गरज नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "पेल्की पडला, एवढं न सांगता कळतं." पेल्कीने वाकून सगळ्यांना सलाम केला.

चूक इतक्या सरळपणे कबूल करणारा माणूस समोर असला की विरोध करणाऱ्याची पंचाईत होते. रॉइसची झाली. त्याने उघड विरोध सोडला आणि चोरटा सुरू केला. ओळीत गाड्या उभ्या राहिल्या की आर्डिस मचाणावरून तपासणी करायची, "ऐकू येत असेल त्यांनी डावा हात वर करा." सगळे करायचे. रॉइसही करायचा, फक्त अर्धा क्षण उशिरा. मी झेंडा घेऊन समोरच उभा असायचो, माझ्या लक्षात आलं. आर्डिसच्याही आलं, तिच्याकडे दुर्बीण होती.

जूनच्या शेवटच्या शर्यतीला तिने पद्धत बदलली. कानात आवाज आला, "आता मर्ल हात वर करेल. तुम्हाला वाटेल आपणही करावा. कुणी करू नका." मला हे आधी माहीत नव्हतं, पण मी निमूट हात वर केला. एकोणीस जण पुतळ्यासारखे बसून राहिले. विसावा, म्हणजे क्लबचा अध्यक्ष, त्याने ऐटीत हात वर केला. आजूबाजूला बघितलं. पुन्हा बघितलं. मग तो हात हळूच खाली आणून त्याने हेल्मेटची काच पुसल्यासारखं केलं.

एकोणीस हेल्मेटं गदगदा हलत होती. आर्डिस कानात म्हणाली, "थांबतो आम्ही. वेळ आहे." रॉइसने खिशातून बोंडूक काढलं, हेल्मेट उतरवलं, ते कानात घातलं आणि पुन्हा हेल्मेट चढवलं. त्यानंतर त्याने ते कधी काढलं नाही. लोक त्या खोक्याला खोकं म्हणायचं थांबले ते त्याच सुमाराला. "तुझी आर्डिस कानात आहे ना?" असं एकमेकांना विचारायला लागले. तिला हे आवडलं का ते मी विचारलं. "नाव मोठं आहे, वेळ जातो," ती म्हणाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आर्डिसची मोटार खाणीत शिरली आणि मागे ट्रेलरवर ब्रेनाची कार्ट होती. ताडपत्री नव्हती. ब्रेना चाकांत हवा भरत असताना मी जवळच होतो, म्हणून मावशी-भाचीचं बोलणं मला ऐकू आलं.

"मावशी, मला काही झालं तर?"

"तर मी लाल म्हणेन आणि वळण सांगेन."

"आणि माझ्यासमोर कुणी पडलेलं असेल तर?"

"तरी तेच."

"माझं नाव नाही घेणार? एकदाही?"

"नाही." आर्डिसने हवेचं माप घेतलं आणि नळी तिच्या हातातून काढली. "तुझं नाव घेतलं की तुझ्या मागचा थांबणार नाही, आणि तो तुला पुढे ढकलेल. पुढच्या डाव्या चाकात अर्धा पौंड जास्त आहे."

ब्रेना त्या दिवशी सर्वांत शेवटी राहिली. टेकाडावर पोचली की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायची, सगळ्यांना दिसत होतं. पुढच्या शर्यतीत थोडा कमी उचलला. त्याच्या पुढच्या वेळी उचलला की नाही ते मला सांगता येणार नाही. ती चौथी आली आणि वजनकाट्यावर कुणाशी तरी मोठ्याने भांडली, तेव्हा आम्हाला कळलं की ती परत आली.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. मॅपलची पानं लाल व्हायला लागलेली, हवा कोरडी, डांबर गार, म्हणजे चाकांची पकड कमी. संध्याकाळी मतदान होतं, आणि निकाल काय लागेल याची मला खात्री नव्हती. निम्म्या लोकांना अजून ते कानातलं खुपत होतं. पूर्ण मोसमात मेमधल्या त्या पेल्कीशिवाय मोठं काही घडलंच नव्हतं. काही घडलं नाही ते आर्डिसमुळे की नशिबामुळे, यावर टॅव्हर्नमध्ये दोन तट पडले होते. आर्डिसने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने ब्रेनाची ताडपत्री घडी करून मोटारीत ठेवलेली मी बघितली. मत विरोधात गेलं तर ती लागणार होती.

शेवटच्या शर्यतीत वीस फेऱ्या. सतराव्या फेरीला ब्रेना सर्वांत पुढे, तिच्या बंपरला नाक लावून रॉइस, त्याच्यामागे सात जण एका माळेत. रॉइस अकरा वर्षांत जिंकला नव्हता आणि त्याला ते आठवत होतं, त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. या माळेच्या पुढे, एक फेरी मागे पडलेले दोघे-तिघे रेंगाळत होते आणि त्यात अर्थातच पेल्की होता. माझ्या जागेवरून टेकाडाची चढती बाजू दिसते, पलीकडची दिसत नाही. पेल्की माथ्यावरून पलीकडे गेलेला मी बघितला. ब्रेनाची माळ चौथ्या वळणातून बाहेर पडली आणि चढाला लागली.

तेव्हा कानात आवाज आला. "लाल. लाल. पाच."

ब्राटवुर्स्ट मागवायचा आवाज. त्यात ना घाई, ना भीती. पलीकडे पेल्कीची कार्ट दुसऱ्याच्या चाकावर चढून उलटली होती, आणि पेल्की पाचव्या वळणाच्या ऐन मधोमध पालथा पडला होता, हे मला नंतर कळलं. मला त्या क्षणी दिसलं ते एवढंच की चढावर ब्रेनाचा हात वर गेला. तिच्यामागे रॉइसचा. मग पुढच्या एका श्वासात माळेतले नऊच्या नऊ हात वर होते, आणि इंजिनांचा आवाज एकदम खाली बसला. एकट्या पहिल्याने हात वर करून उपयोग नसतो. मागच्याने केला नाही तर पहिला तसाच ढकलला जातो. नऊ जणांनी एकदम पाय उचलला आणि माथ्यावरून ते पलीकडे गेले ते चालत गेल्यासारखे.

माझा लाल झेंडा बगलेत होता, गुंडाळलेला, इस्त्रीची घडी न मोडलेला. बावीस वर्षांत कुठलीही शर्यत माझ्याआधी कुणी थांबवली नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं. माझे डोळे भरून आले, आणि ते वाईट वाटून नव्हतं.

मी धावत टेकाडावर गेलो. ब्रेनाची कार्ट पेल्कीपासून आठ पावलांवर थांबली होती. मी नंतर पावलं मोजली, म्हणून सांगतो. रॉइसची तिच्यामागे हातभर अंतरावर. पेल्की उठून बसला होता आणि आपले दात जिभेने मोजत होता. ब्रेना कार्टमधून उतरली नव्हती. तिचा हात अजून वरच होता, खाली घ्यायचं ती विसरली होती. रॉइस लंगडत तिच्यापाशी गेला, तिचा हात धरून खाली आणला आणि म्हणाला, "पुरे, पोरी. ऐकलं तिने."

मतदानाचं आधीच सांगून टाकतो. संध्याकाळी रॉइस खुर्चीवर उभा राहिला, म्हणाला, "हात वर करून मत द्यायचं ठरलं होतं. दुपारी मी माझा वर केला होता आणि माझ्या मागेपुढेही बरेच दिसले. कुणाला खाली घ्यायचा आहे का?" कुणालाच नव्हता. बैठक इतक्या लवकर संपली की मासे तळून व्हायचे होते.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. पेल्कीला बाजूला बसवलं, ट्रॅक झाडून घेतला, आणि शर्यत पुन्हा सुरू करायची का ते विचारायला मी मचाणाच्या पायऱ्या चढलो. आर्डिस उभी होती, दोन्ही हातांनी माइक धरून. समोर खाली ब्रेना इंजिन चालू व्हायची वाट बघत बसली होती. आर्डिसने मला बघितलं नाही. तिने माइकचं बटण बंद केलं, एकदा बंद आहे ना ते बघितलं, आणि मग म्हणाली, "ब्रेना. ब्रेना. ब्रेना." आवाज तिचा नव्हता. इतकी वर्षं मी ज्याची नक्कल करत आलो, तो हा नव्हे. मी जिन्यातच थांबलो आणि झेंड्याची घडी नीट करत बसलो.

मग तिने नाक पुसलं, घसा खाकरला आणि बटण चालू केलं.

"पिवळा," माझ्या कानात नेहमीचा सपाट आवाज आला. "सगळी वळणं मोकळी. रांगेत या. सावकाश."

खाली नऊ हात वर झाले.